बदली लेखकाचा भरवसा

'मुक्त लेखक' हा शब्द ज्याने काढला त्याला एकदा मुरबाडच्या एमायडीसीत आणून तिसऱ्या पाळीला उभा केला पाहिजे. मुक्त म्हणजे कशापासून मुक्त? पगारापासून मुक्त, फंडापासून मुक्त, भरपगारी रजेपासून मुक्त. असला मुक्त माणूस आम्ही गिरणीवाले चांगला ओळखून आहोत. त्याला आम्ही बदली म्हणतो.

मुंबईच्या गिरण्या चालू होत्या तेव्हा बदली कामगार भोंग्याच्या आधी गेटवर हजर असायचा. कायम माणसाचा खाडा पडला तर हा आत, नाहीतर घरी. काम मिळो न मिळो, यायचं मात्र रोज. दोन दिवस आला नाही की जॉबर बोलायचा, हा भरवशाचा नाय. पण त्या बदलीला भाकरीचा भरवसा कुणी द्यायचा, हे जॉबरला कुणी विचारलं नाही. १८ जानेवारी १९८२ ला अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले, तेव्हा पगारवाढीबरोबर बदलीला कायम करा ही पण मागणी होती. संप मोडला, गिरण्या गेल्या, चिमण्यांच्या जागी टॉवर आले. बदली मात्र मेला नाही. तो ठेकेदाराच्या वहीत शिरला आणि लिहिणाऱ्यांच्या रांगेत येऊन उभा राहिला.

लिहिणाऱ्यांची रांग? शहापूर-मुरबाडात? हसू नका. आपल्याकडे लिहून घेणारे पुष्कळ आहेत. जानेवारी उजाडला की गायन पार्ट्यांना १४ एप्रिलची नवी गाणी पाहिजेत. ग्रामपंचायतीची निवडणूक लागली की प्रचाराचं गाणं पाहिजे, पत्रक पाहिजे. निवृत्त होणाऱ्या गुरुजींना मानपत्र, वारलेल्या पुढाऱ्याला श्रद्धांजली, मंडळाला स्मरणिका, संस्थेला कुपोषणावर पथनाट्य, पेपराला बातमी. हे सगळं कोण लिहितं? डोळखांब, किन्हवली, टोकावडे, धसई इथली आपली पोरं-पोरी लिहितात. दिवसा वीटभट्टीवर, गोदामात, गिरणीत. रात्री वहीवर. कवितेचं मी बोलत नाही. कविता माझी मी लिहितो, तिला कुणाची ऑर्डर लागत नाही. मी बोलतोय ते दुसऱ्याने सांगितलेल्या आणि पैसे ठरलेल्या लिहिण्याविषयी.

तर अशा लिहिण्याविषयी एका संस्थेच्या साहेबांनी मला ऐकवलं, "तुमच्याकडची मुलं लिहितात बरी, पण प्रोफेशनल नाहीत. वेळ पाळत नाहीत. भरवसा ठेवता येत नाही." साहेबांचं नाव घेत नाही. त्यांच्यासारखे दहा आहेत, नऊ जण उगाच खूश होतील.

ह्याच साहेबांनी मला पथनाट्य लिहायला सांगितलं होतं. मुदत आठ दिवस. मी सहा दिवसांत दिलं, दुसऱ्या पाळीवरून रात्री साडेअकराला घरी येऊन लिहिलं. पाड्यापाड्यावर त्याचे प्रयोग झाले, साहेबांचे फोटो छापून आले. पैसे आले सात महिन्यांनी, तेही निम्मे. का? तर वरून निधी आला नाही. आता मला सांगा दोस्तहो, ह्यात भरवशाचा कोण नाही? उशीर आम्ही केला तर तो आमचा स्वभाव, आमची जात, आमचं वळण. उशीर त्यांनी केला तर ती तांत्रिक अडचण!

वेळ तर आम्हाला कुणी शिकवूच नये. पहिली पाळी सातला सुरू होते. दहा मिनिटं उशीर झाला तर गेटवरचा माणूस अर्धी हजेरी कापतो, कविता वाचून माफ करत नाही. रिंगफ्रेमवर धागा तुटला की त्याच क्षणाला सांधायचा असतो. मूड आला की सांधतो, असं म्हणणारा कामगार मी अजून बघितला नाही. मुरबाडला रेल्वे नाही. कल्याण-मुरबाड रेल्वेचं आश्वासन ऐकत आमच्या बापांचे केस पांढरे झाले. एस्टी, वडाप, नाहीतर पाय, हीच आमची वाहतूक. तरी माणसं कामावर वेळेवर पोचतात. आणि शहापूर तालुक्याने मुंबईला भरवसा दिला नाही असं कोण म्हणेल? तानसा १८९२ पासून पाणी देतंय. १९५७ पासून मोडकसागर देतंय. नंतर भातसा आलं, आज मुंबईच्या पाण्यातला सगळ्यात मोठा वाटा तिचाच. मुंबईच्या नळाला वेळेवर पाणी, आणि धरणाच्या उशाशी असलेल्या पाड्यावर चैत्र-वैशाखात बाया टँकरची वाट बघतात. टँकर कधी येणार ते टँकरवालाच जाणे. भरवसा कुठून निघतो, कुठे जातो, आणि परत काय येतं, ह्याचा हिशेब आमच्या आयाबहिणी हंडे डोक्यावर घेऊन शिकल्यात. साहेबांनी त्यांच्याकडे शिकवणी लावावी.

पेपरवाल्यांचं गणित तर अजून सरस. तालुक्याचा वार्ताहर म्हणजे छातीवर बिल्ला, मोटरसायकलवर 'प्रेस' आणि खिशात शून्य. बातमीला बहुतेक ठिकाणी दमडी नाही, जाहिरातीला टक्केवारी. म्हणजे १४ एप्रिलला, १५ ऑगस्टला, दिवाळीला ह्याने सरपंचांच्या, ठेकेदारांच्या दारात जाऊन 'हार्दिक शुभेच्छा' गोळा करायच्या. मग त्याच ठेकेदाराच्या रस्त्यावर खड्डा पडला तर बातमी कशी लिहिणार? नाही लिहिली की शहरातले विद्वान म्हणणार, ग्रामीण पत्रकार विश्वासार्ह नाही. १९५५ च्या कायद्याने श्रमिक पत्रकाराची व्याख्या केली ती अशी, की ज्याचा मुख्य व्यवसाय पत्रकारिता, तो. वा रे व्याख्या! बातमीवर पोट भरत नाही म्हणून पोरगा दुधाचा रतीब घालतो. दुधाचा रतीब घालतो म्हणून बातमी त्याचा मुख्य व्यवसाय नाही. मुख्य व्यवसाय नाही म्हणून तो पत्रकार नाही. पत्रकार नाही म्हणून पगार नाही. बदलीला कायम न करण्याची गिरणीमालकांची अक्कल ह्यापेक्षा काय वेगळी होती?

आणि भरवशाचे दाखले पाहिजेत तर आमच्याकडून घ्या. अण्णा भाऊ साठे. वाटेगावचा माणूस, जन्म १९२०, शाळा नसल्यातच जमा, गिरणीत राबलेला. घाटकोपरच्या चिरागनगरच्या झोपडीत बसून तीसहून जास्त कादंबऱ्या लिहिल्या. 'फकिरा' १९५९ ची. १९६९ मध्ये अण्णा गेले, वय अवघं अठ्ठेचाळीस. पंख्याखाली बसून प्रेरणेची वाट बघणाऱ्या एकाने तरी एवढं काम वेळेत करून दाखवावं. आणि बाबासाहेब? १९२० साली 'मूकनायक' निघालं तेव्हा 'केसरी'ने त्याची जाहिरात पैसे देऊनही छापली नाही. म्हणजे रोकडा टेबलावर आणि तरी काम नाही! हे प्रस्थापितांचं व्यावसायिकपण. ३ एप्रिल १९२७ ला 'बहिष्कृत भारत' सुरू झालं तर लिहायला माणसं नाहीत. बाबासाहेबांनी रकान्यांमागून रकाने एकट्याने भरले. वकिली चालू, शिकवणं चालू, महाड चालू. त्याच वर्षी चवदार तळं, त्याच वर्षी मनुस्मृतीचं दहन. आणि अंकाचा मजकूरही तयार.

इथपर्यंत वाचून ज्या पोरांनी टाळ्या वाजवल्या असतील त्यांनी आता हात खाली घ्यावेत. पुढचं त्यांच्यासाठीच आहे.

बाबासाहेबांचं नाव घेऊन गाणं लिहिणाऱ्या आपल्याच एका पोराची गोष्ट ऐका. डोळखांबच्या अंगाला राहतो, नाव लिहीत नाही, त्याला कळेल. एका गायन पार्टीकडून तीन गाण्यांचे दोन हजार इसार घेतले. पार्टी म्हणजे कोण? ढोलकीवाला रंगकाम करतो, गाणारी बाई बालवाडीत मदतनीस, पेटीवाला रिक्षा चालवतो. त्यांनी आपसात वर्गणी काढून दोन हजार दिले. मार्च गेला, 'देतो दादा, देतो'. एप्रिल लागला, 'चाल बसतेय'. १२ तारखेला पोराचा फोन बंद. पार्टीने जयंतीला जुनीच गाणी म्हटली, समोरच्या पार्टीने सवाल टाकला त्याला जवाब नाही, लोकांनी हुर्यो केली. पुढच्या साली पार्टी गाणी घ्यायला उल्हासनगरला गेली. किन्हवलीकडची एक पोरगी ह्या पोरापेक्षा सरस लिहिते, बारावीला आहे, तिने आपणहून दोन गाणी पाठवली. पार्टीवाले बोलले, "ताई, आता आमच्याकडच्या लेखकांचा आम्हाला भरवसा नाय राहिला." पोराने दोन हजार खाल्ले ते पार्टीचे. काम खाल्लं ते ह्या पोरीचं. तिचं पहिलं काम. हे नुकसान कुठल्या खात्यात मांडायचं?

त्या पोराला मी गाठून विचारलं तर काय बोलतो, "मी कवी आहे, कुणाचा नोकर नाही. वेळेची गुलामी भांडवलशाहीने आणली." अरे शहाण्या, भांडवलशाही पार्टीच्या ढोलकीवाल्याने आणली काय? विद्रोह करायचा तर त्या साहेबाशी कर, ज्याने सात महिने पैसे दाबले. त्याच्यासमोर तू पायरीवर बसतोस, 'सर सर' करतोस, मजकूर तीनदा फुकट बदलून देतोस. आणि आपल्या माणसाने विश्वासाने इसार दिला की तुझ्यातला बंडखोर जागा होतो. गोदामातल्या मुकादमाला फोन बंद करून दाखव ना. दुसऱ्या दिवशी गेटवर कळेल. मुकादमाची वेळ पाळायची आणि आपल्या लोकांची बुडवायची, ही गुलामीच आहे. उलटी अंगात घातली म्हणून ती बंडी विद्रोहाची होत नाही.

दुसरी जात चोरांची. जुन्या शाहिराचं गाणं घ्यायचं, दोन ओळी फिरवायच्या, शेवटच्या कडव्यातलं नाव काढून आपलं घालायचं. वामनदादा कर्डक अक्षरं शिकले ते मोठेपणी. देशवंडीत जन्म १९२२ चा, मुंबईत येऊन गिरणीत, कारखान्यांत घाम गाळला आणि मग गावोगाव फिरून गाण्यांचा डोंगर उभा केला. त्या गाण्यांच्या शेवटी 'वामन' हे नाव येतं. ती त्यांची सही आहे. सातबारा आहे म्हणा. ज्याच्या नावावर कधी गुंठाभर जमीन नव्हती त्या समाजाच्या कवीने शेवटच्या कडव्यात आपलं नाव लिहून ठेवलं. ते नाव खोडणारा तलाठ्यापेक्षा वाईट. तलाठी निदान टेबलाखालून पैसे घेतो, हा तर स्टेजवर हार घालून घेतो.

आणि आता उत्सव मंडळं. जयभीम, मंडळवाले दादा. डीजेला चाळीस हजार मोजताना तुमचा हात थरथरत नाही. मांडववाल्याला आगाऊ, लाइटवाल्याला आगाऊ, जेवण करणाऱ्याला आगाऊ. गाणं लिहिणाऱ्याला? 'मानधन.' ह्या शब्दाचा मला राग आहे. मान पुढे आणि धन मागे असा तो शब्द, आणि वाटेत धन गळून पडतं. शाल, श्रीफळ आणि 'समाजाचं काम आहे' हे वाक्य. शाली माझ्याकडे पाच झाल्यात. गिरणीत आत एवढं उकडतं की शाल कुणाला विकावी हाच प्रश्न आहे. समाजाचं काम आहे तर डीजेवाल्याला पण शाल द्या की! तो घेणार नाही. कारण तो आपला भाव आधी सांगतो, इसार घेतल्याशिवाय गाडी काढत नाही, आणि बाराच्या ठोक्याला आवाज बंद म्हणजे बंद. तुम्ही म्हणता लेखक भरवशाचा नाही. ज्याला भाव नाही, इसार नाही, कागद नाही, त्याने कशाच्या जोरावर भरवशाचं व्हायचं? सद्गुणाच्या? सद्गुणावर एस्टीचं तिकीट मिळत नाही.

माझ्या बघण्यात ह्या दोन तालुक्यांतला खरा व्यावसायिक लेखक एकच आहे. तहसील कचेरीबाहेर टेबल टाकून बसणारा अर्ज लिहिणारा. त्याची टिंगल करू नका. माणूस येतो, रडतो, अर्धवट सांगतो. हा त्याला आधी दोन प्रश्न विचारतो, मग भाव सांगतो, मग लिहितो. लिहिलेलं वाचून दाखवतो. "असंच ना बाबा?" बाबा मान हलवतो. अंगठा घेतो, पैसे घेतो, कागद देतो. उद्या येतो नाही, परवा बघू नाही. कातकरी बाई जातीच्या दाखल्यासाठी वाडीवरून दोन तास चालून आलेली असते, तिला 'मूड नाही' सांगता येत नाही हे त्याला ठाऊक आहे. त्याच्या अक्षरावर तिच्या पोराची फी अडकलेली असते. साहित्य संमेलनात त्याला कुणी खुर्ची देणार नाही. पण काम कसं घ्यावं आणि कसं द्यावं हे बघायचं असेल तर आमच्या पोरांनी अर्धा दिवस त्या टेबलाशेजारी उभं राहावं.

कागदाचं निघालंय तर कायद्याचं पण सांगतो. १९५७ चा कॉपीराइट कायदा आपल्यात कुणी वाचत नाही. मी डिक्शनरी घेऊन वाचला, दोन महिने लागले. त्यात आमच्या कामाचं पुष्कळ आहे. पगारी नोकर नसताना तू गाणं लिहिलंस तर त्याचा पहिला मालक तू. सरकारात नोंद केली नाही तरी तूच. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखी आणि तुझ्या सहीने द्यावा लागतो, तोंडी दिलेला चालत नाही. किती वर्षांसाठी दिला हे लिहिलं नसेल तर पाच वर्षं धरतात. गाणं रेकॉर्ड झालं तर त्याच्या कमाईतल्या रॉयल्टीत लिहिणाऱ्याचा बरोबरीचा वाटा, आणि २०१२ च्या दुरुस्तीपासून हा वाटा दुसऱ्या कुणाला लिहून देताच येत नाही. वारसाला आणि लेखकांच्या कॉपीराइट सोसायटीला तेवढा देता येतो. म्हणजे यूट्यूबवाला दादा पाचशे रुपये हातावर ठेवून "सगळे राइट माझे" म्हणतो तेव्हा तो कायद्याला धरून बोलत नाही. पण आमचा पोरगा पाचशेची नोट बघतो आणि सही ठोकतो. बरेचदा सहीसुद्धा करत नाही. व्हॉट्सॅपवर गाणं पाठवतो, वर हात जोडलेलं चित्र.

तेव्हा कागद करा. वहीचं एक पान पुरे, स्टॅम्प नको. काय लिहायचं, किती लिहायचं, कुठल्या तारखेला द्यायचं, पैसे किती, त्यातले आगाऊ किती आणि उरलेले कधी, किती वेळा बदलून देणार, आणि नाव कुठे छापणार किंवा पुकारणार. खाली दोघांच्या सह्या. आपल्या माणसाकडे कागद कसा मागायचा, वाईट दिसतं, असं पोरं म्हणतात. वाईट काय दिसतं? हुंडा घेणाऱ्याला वाईट वाटत नाही. पार्टीवाल्याला पण तोच कागद उपयोगी आहे. त्याचे दोन हजार बुडणार नाहीत. आणि काम होणार नसेल तर आधी सांगा. आजारी आहे, पाळी बदलली, सुचत नाही, काहीही असो. वीस मार्चला 'जमत नाही' सांगितलं तर पार्टी दुसरीकडे जाऊ शकते, किन्हवलीच्या पोरीकडे जाऊ शकते. बारा एप्रिलला कुठे जाणार? गिरणीत खाडा करायचा तर बदलीला निरोप देतात. एवढा तरी रिवाज लिहिण्यात आणा.

काहीजण म्हणतील, आता ह्या सगळ्याची गरजच काय, फोनमधलं मशीन दोन मिनिटांत मानपत्र लिहून देतं. देतं ना. मी बघितलं. एका गुरुजींना त्यात 'ज्ञानाचा अथांग सागर' म्हटलं होतं. गुरुजींनी तीस वर्षं एका खोलीत चार वर्ग शिकवले, पावसाळ्यात छत्री धरून फळ्यावर लिहिलं, त्यातलं एक अक्षर नव्हतं. तसलं मानपत्र पाहिजे असेल तर खुशाल मशीनकडे जा. पण मशीनची एक गोष्ट माणसं मला तोंडावर सांगतात, आणि ती मला झोंबते. ते वेळेवर देतं आणि फोन बंद करत नाही.

शेवटी आपलं स्वतःचं घर. आपण स्वतःला 'अनियतकालिक' म्हणवतो. ज्या काळात प्रस्थापित मासिकं आपल्याला दारात उभी करत नव्हती त्या काळात ह्या शब्दात ऐट होती. नियत काळ त्यांचा, आम्ही तो मोडतो. कबूल. पण पहिल्यांदा लिहिलेला पोरगा सहा-सहा महिने विचारत राहतो, दादा, अंक निघाला का, माझं आहे का त्यात? त्याला कुणी उत्तर देत नाही, हा कुठला विद्रोह? नाकारलं तर नाकारलं सांगा. छापलं तर दोन प्रती द्या. पैसे देता येत नाहीत हे सगळ्यांना माहीत आहे, ते पहिल्याच पत्रात लिहा, म्हणजे कुणी आशेवर राहणार नाही. आणि अंकाच्या पाठीवर पुढच्या अंकाची तारीख टाका. चुकली तर लोक शिव्या देतील. दिल्या पाहिजेत.

हा मजकूर संपादकांनी रविवारपर्यंत मागितला होता, मी शुक्रवारीच देतोय. छापायचा नसेल तर बुधवारपर्यंत निरोप द्या, दुसरीकडे देईन. छापला तर माझ्या दोन प्रती बाजूला ठेवा. पुढच्या आठवड्यात पहिली पाळी आहे. तीनला सुटलो की सरळगाव-किन्हवलीच्या एस्टीने शहापूरला येतो आणि घेऊन जातो.